उलटी धरलेली बाटली

आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या तीन शाखा: मल्लेश्वरम, जे. पी. नगर आणि देवनहळ्ळी. गिऱ्हाइकांच्या चष्म्यांचे नंबर तिन्हीकडच्या कॉम्प्युटरवर आपोआप उतरतील अशी सोय मी केली होती आणि तिला बॅकअप म्हणत मिरवत होतो. मालकांनी ती तपासायला एक बाई बोलावल्या. बोलण्यावरून बेळगावकडच्या असाव्यात. त्या पाणी प्यायल्या, झाकण लावलं, बाटली उलटी धरून पाहिली आणि मगच पिशवीत ठेवली.

"अण्णा, इथली नंबरांची एक फाइल पुसा बघू."

"बिनधास्त. देवनहळ्ळीहून परत आणतो," मी म्हणालो.

पुसली. देवनहळ्ळीत नव्हती, जे. पी. नगरातही नव्हती. माझ्या आज्ञाधारक सोयीने ती तिन्हीकडून पुसली होती. मालकांनी खुर्ची जवळ ओढली. मला माझी नोकरीही पुसली जाताना दिसू लागली.

"स्वल्प थांबा," म्हणत बाईंनी पेनड्राइव्ह काढला. "तुमचा आत्मविश्वास बघितला, तेव्हाच एक प्रत काढून ठेवली."

त्या पुन्हा दिसल्या नाहीत. आता एक प्रत मी वेगळी, कुणी पुसू शकणार नाही अशी ठेवतो आणि अधूनमधून परत आणूनही बघतो. बाटलीसुद्धा उलटी धरतो. झाकण लावायचं तेवढं कधी कधी राहतं.