दोनशे बारा नंबरची नोंद

राजेश्वरीबद्दल लिहायचं तर आधी माझी लाज लिहावी लागते, म्हणून इतके दिवस टाळलं.

ती मैंदर्गीची. सोलापुरात रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि बोलणं दोन्हीकडं सरळ. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळात तिचं नाव तिच्या वडिलांनी नोंदवलं होतं. मंडळाचा कॉम्प्युटर मी सांभाळतो. चादर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर शिकलो आणि त्याचा तोरा फार मिरवला.

दर रविवारी कुणी ना कुणी बाप यायचा. मुलीचं वय दोन वर्षांनी कमी करा, मुलाची उंची वाढवा. नाही म्हटलं तर नोंद काढून टाकून नव्यानं भरायचे. वैतागून मी फॉर्मला कुलूप घातलं. 'पडताळणी झाली' या चौकटीत एकदा खूण केली, की ती नोंद बदलता येत नाही, पुसताही येत नाही. समितीनं माझा शाल देऊन सत्कार केला.

राजेश्वरीच्या नोंदीत शेरा होता, 'ठरलेलं लग्न मोडलं.' ते मोडलं होतं तिच्या चुलत बहिणीचं. आजीचं नाव दोन्ही नातींना ठेवलेलं. त्यांच्या काकांचा फोन आला आणि मी न विचारता भलत्याच नातीच्या नावावर टाइप करून खूण केली. मंडळ दरवर्षी स्थळांची पुस्तिका छापतं, तिच्यात तो शेरा वाचून अक्कलकोटचं एक स्थळ तिला न बघताच फिरलं.

"काका, हे माझं न्हवं की," ती सांगायला आली.

"लॉक पडलंय, बाळ. आता देवालाबी उघडता येत न्हाय," मी म्हणालो. वर हसलोही.

ती तीनदा आली, तीनदा मी तेच ऐकवलं.

यंदाची पुस्तिका छापायला जायच्या आदल्या दिवशी ती चौथ्यांदा आली. तिनं गेल्या वर्षीची पुस्तिका आणि यंदाची कच्ची प्रत टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. दोन्हीकडं एकाच नोंदीवर बोट. क्रमांक दोनशे बारा, अभिमन्यू. माझा मुलगा. त्याचं ठरलेलं लग्न मात्र खरंच मोडलं होतं. गेल्या वर्षी शेरा होता, यंदा नव्हता.

"ही कशी उघडली, काका?"

कुलूप फॉर्मला होतं. त्याच्यामागचा मूळ तक्ता मला उघडता येत होता, आणि मी तो उघडला होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. "तुझंबी पुसतो, आत्ता," मी पुटपुटलो.

"पुसू नका. आमच्या लॅबमध्ये सही झालेला रिपोर्ट पुसत न्हाईत. चुकला तर खाली दुरुस्ती लिहितात. तारीख टाकतात, कुणी चूक केली तेबी लिहितात. तसं लिवा."

मी लिहिलं. 'वरील शेरा चुकीचा आहे. चूक सोमशेखर यांची.' स्वतःचं नाव टाइप करायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.

"आता दोनशे बारा," ती म्हणाली.

अभिमन्यूला बघायला त्याच आठवड्यात पाहुणे येणार होते. मी "संध्याकाळी करतो" म्हणालो. तिनं मान हलवली, गळ्यातला स्कार्फ तोंडाला बांधला आणि ड्यूटीवर गेली. संध्याकाळी मी दोनशे बारा उघडली, बघत बसलो आणि बंद केली.

मंडळाच्या वधू-वर मेळाव्याच्या दिवशी पुस्तिका वाटायला मीच बसलो होतो. रांगेत तिचा नंबर आला. मला वाटलं, ती आधी स्वतःचं पान बघेल. तिनं आधी दोनशे बाराचं पान काढलं. शेऱ्याच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, मग पुस्तिका मिटली.

"येते, काका," ती म्हणाली. मागच्या माणसानं हात पुढं केला, तरी माझ्यानं मान वर करवेना.