ओहोटीच्या गावात आई

मी निघाले तेव्हा बडनेरा स्टेशनवर आई खिडकीचा गज धरून उभी होती. बाबा पाण्याची बाटली भरायला गेले होते. ती एवढंच म्हणाली, "पोचली की फोन कर. अन् उपाशी झोपत नको जाऊ." गाडी हलली तेव्हा हसून हात केला. मला वाटलं, बरं झालं, रडली नाही.

मग अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं शहर, ऑफिस, अपार्टमेंट आणि वीकेंडला भरायचा फ्रिज. गेल्या वर्षी बाबा गेले. आई नांदगाव खंडेश्वरला एकटी उरली. या उन्हाळ्यात मी तिला घेऊन आले आणि मनाशी ठरवलं, आता परत पाठवायचं नाही.

ती दिवसभर बाल्कनीत बसायची. "इथं सारी दारं बंदच काहून राह्यतात वं?" एवढंच काय ते विचारायची.

म्हणून तिला फेरीबोटीने खाडीपलीकडच्या एका गावाला नेलं. माझ्याकडे कायमचं राहशील का, हेही तिथेच विचारणार होते. एकच रस्ता, किनाऱ्यावर शिंपल्यांचे पांढरे ढीग, मागे बर्फाचे डोंगर आणि त्यांत शिरणाऱ्या पायवाटा. तिथे ऑयस्टरची, म्हणजे शिंपल्यात वाढणाऱ्या जिवांची, शेती करतात. कोकणात यांना कालवं म्हणतात, हे मलाही इथे येऊनच कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. आईने आयुष्यात ओहोटी पाहिली नव्हती आणि समोर नुसता चिखल.

"पानी कुठं गेलं?"

"येईल दुपारी."

"आपल्या मनानं?"

साडी खोचून, शेतमालकीण मार्थाने दिलेले गमबूट चढवून ती थेट चिखलात उतरली. प्रश्न तिचे, मी दुभाषी. बी कुठून आणता? जुन्या शिंपल्याले चिकटवून लावता का? राखण कोन करते? खायले काय घालता? मार्था म्हणाली, काही नाही, भरतीच्या पाण्यातून ती आपलं अन्न गाळून घेतात.

"म्हंजे रोज समुद्रच येते वाढाले!" आई खळखळून हसली. बाबा गेल्यापासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

मार्थाने जाळावर भाजून एक कालव तिच्या हातात दिलं. आईने तोंड वाकडं केलं. "मीठ जास्त झालं." मग पिशवीतून ठेच्याची डबी काढली आणि दुसरं मागितलं. मार्थानेही ठेचा चाखला. डोळे पुसत तीही हसायला लागली.

दुपारी आम्ही डोंगराच्या वाटेला लागलो. आईचं माहेर धारणीकडचं, जंगल तिला नवं नव्हतं. अस्वलं आहेत म्हटल्यावर ती टाळ्या वाजवत, मोठ्याने बोलत पुढे चालू लागली, मी धापा टाकत मागे. एका आडव्या पडलेल्या झाडावर बसलो. खाली पाणी परत येत होतं.

"आई, आता इथंच राहा ना."

ती पाण्याकडे पाहत राहिली. "चांगलं हाय इथं. पन इथं मी दिवसभर तुयी वाट पायत बसतो. तिथं कोनाच्या शेवया असतात, कोनाचं बारसं असते. बाया बोलवाले येतात मले."

"आणि माझं काय? मला काळजी लागून राहते."

"तू गेली तवा मले वाटे, गाडी सुटूच नये. पन म्हटलं का मी तुले, थांब?"

मला रडूच आलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं, थोडा वेळ पाठीवर हात ठेवला आणि उठून उभी राहिली. "चाल. वरून काय दिसते ते तं पाहू."

दिवाळीच्या आधी आई परत गेली. मी अडवलं नाही.

तिकडे राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, दोघंही विचारतात, घर आता कुठलं? पूर्वी मी चटकन नांदगाव म्हणायचे, मग काही वर्षं इथलं म्हणायचे. आता घाई करत नाही. अधूनमधून सकाळी मी त्या गावात जाते आणि आईला व्हिडिओ कॉल लावते. तिकडे जेवणं आटोपलेली असतात, ती अंगणात बाजेवर बसलेली असते. "पानी कुठवर आलं?" ती विचारते. मी फोन खाडीकडे वळवते. मग आम्ही दोघी नुसत्या पाहत राहतो. तेवढा वेळ मी घरी असते.