दुपारचा पहारा

२०२३ साल. माझं वय तेव्हा बहात्तर, आणि त्या वर्षी मी पुन्हा शाळेत जायला लागलो. चौथीत असताना बापाने ज्या शाळेतून काढून मला जोताला लावलं, तीच शाळा. तेव्हा खाली शेणाने सारवलेली जमीन होती, आता लादी आहे. एवढाच फरक.

बोलावलं शाळेतल्या बाईंनी. बाई घाटावरच्या. फोंडाघाट चढून वर गेलं की पुढे कुठेतरी त्यांचं गाव. शाळेत मुलं सहा. चार मुली, दोन मुलगे. बाकीच्यांचे आईबाप मुंबईला नाहीतर दोडामार्गापलीकडे गोव्यात, आणि मुलं त्यांच्याबरोबर.

बाई म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही पखवाज वाजवता म्हणे. मला गाणं येत नाही. मोबाईलवर गाणं लावलं की मुलं ऐकतात आणि गप्प बसून राहतात. अधूनमधून येऊन शिकवाल का?”

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. बाईंना वाटलं, म्हातारा मनाने मोठा आहे. तसं काही नव्हतं. मला नाम घ्यायला माणसं हवी होती.

आमच्या गावच्या देवळात कार्तिकात हरिनाम सप्ताह असतो. मधे समई लावायची, तिच्याभोवती टाळ घेऊन फिरायचं आणि नाम घ्यायचं. सात दिवस, रात्रंदिवस, नाम तुटता कामा नये. त्यासाठी वाड्यांना पहारे वाटून दिलेले असतात. पुढची वाडी आत येते, दोन्ही वाड्या मिळून एक फेरा घेतात, मग आधीची बाहेर पडते. आमच्या वाडीकडे दुपारचा पहारा. ऐन जेवणवेळेचा, कोणाला नको असतो असा. पण तो माझ्या आज्याच्या आधीपासून आमचा आहे, आणि आमचा आहे म्हणजे आमचा आहे.

वाडीत नामाला गळा एकच होता, माझ्या दोस्ताचा. लहानपणापासून तो गायचा आणि मी वाजवायचो. मी कधी गायलो नाही. वाजवणाऱ्याने तोंड बंद ठेवावं असं माझं मत. त्या वर्षी आंबे उतरायच्या दिवसांत तो गेला. सकाळी उठला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेला.

त्याचं दिवसकार्य झालं आणि देवळाचे थोरले मानकरी माझ्या अंगणात आले. माझ्याच वयाचे. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

“आता तुमच्या वाडयेत कोण रवला रे? तीन म्हातारे आणि एक पखवाज. पहारो खालच्या वाडयेक देवया.”

“माझ्या जिवात जीव आसा तवसर पहारो खंय जाऊचो नाय.”

“मगे नाम काय तुझो पखवाज म्हणतलो?”

“कोण म्हणतलो तां कार्तिकात बघ.”

बोलून तर गेलो. त्यानंतर जूनमध्ये बाईंनी बोलावलं. मग मी नाही कशाला म्हणतोय?

पहिल्या दिवशी मी मुलींना भिंतीकडे बसवलं आणि दोन मुलग्यांना उभं केलं. समईच्या फेऱ्यात आमच्याकडे बायका टाळ घेत नाहीत. बाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग जवळ आल्या.

“आजोबा, शाळेत असं चालणार नाही. शिकवायचं तर सहाही जणांना. नाहीतर राहू दे.”

मी पखवाज खांद्याला लावला आणि घरी आलो. बायको विळीवर नारळ खवत होती.

“इलात? एवढ्या बेगीन?”

मी सांगितलं काय झालं ते. तिने हात थांबवला नाही.

“म्हणजे दोनच झील समईभोवती फिरतले? एक फुडे, एक मागे? लोकांका वाटतला शिवाशिवी खेळतत.” जरा वेळाने म्हणाली, “पोरींच्या हातात दिलात तर टाळ काय गंजतले?”

पुढच्या वेळी शाळेत गेलो आणि मुलींना म्हटलं, “उठा गो.”

शिकवायचं म्हणजे काय, ते मला कोणी शिकवलेलं नाही. मला जसं मिळालं तसं मी दिलं. आधी तोंडाने बोल म्हणायचे आणि हाताने मांडीवर ताल धरायचा. टाळ नंतर. शाळेतली मुलं गात नाहीत, ओरडतात. मी त्यांना एकच सांगितलं, शेजारच्याचा आवाज कानावर आला पाहिजे. येत नसेल तर तू ओरडतो आहेस. हे कळायला त्यांना पावसाळा गेला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा तो भरून बोलतो. घट्ट झाली तर आवाज बसतो, पातळ झाली तर ओघळते. ती मळायला मुलांची मारामारी. दुसरीतली सगळ्यांत धाकटी मुलगी ती छान मळायची, म्हणून ते काम मी तिलाच दिलं. वाजवून झाल्यावर खरवडून काढलेली कणीक कावळ्यांना घालायचं कामही तिने स्वतःच घेतलं.

शाळेत समई कुठून आणणार? पडवीत पाण्याची बादली उपडी घातली आणि पोरं तिच्याभोवती फिरायला लागली. माझी वेळ जेवणाच्या सुट्टीआधीची. खिचडीचा वास सुटायचा, घंटा व्हायची, आणि नाम अर्ध्यावर टाकून पोरं ताटल्यांकडे धावायची. मला राग यायचा. पण भुकेल्या पोराला थांब कसं म्हणायचं? मी टाळ गोळा करायचो आणि घरी जायचो.

दोस्ताचे टाळ त्याच्या बायकोने आणून दिले. धुऊन, चिंचेने घासून आणले होते. ते मी चौथीतल्या उंच मुलीच्या हातात दिले. ती टाळ वाजवायची आणि मी तिच्याकडे बघायचो नाही.

कार्तिकात आमचा दिवस आला. मी पोरांना घेऊन देवळात गेलो. मानकरी खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मुलींकडे बघितलं.

“पोरी?”

“आमची वाडी,” मी म्हटलं आणि पखवाजाला कणीक लावायला बसलो.

आधीच्या वाडीबरोबर फेरा झाला, ते बाहेर पडले आणि समईभोवती माझी सहा पोरं राहिली. वाडीतले दोन म्हातारे त्यांच्या मागून चालत होते. थोड्या फेऱ्यांत ते दमले आणि भिंतीला जाऊन बसले. पोरं चालत राहिली. एकाचा आवाज दुसऱ्यावर चढत नव्हता. जेवायला निघालेली माणसं पायरीवर थांबली. मानकऱ्यांनी डोळे मिटले. दोस्त गायचा तेव्हा ते असेच डोळे मिटायचे, ते मला ठाऊक आहे.

तेवढ्यात एक बाई नारळ घेऊन आत आली, आणि आत येणारा करतो तसं तिने वर हात करून देवळाची मोठी घंटा वाजवली.

सहाही पोरं थांबली. टाळ खाली गेले. धाकटी तर दाराकडे चालायला लागली.

देवळात एवढी शांतता मी सप्ताहात कधी ऐकलेली नाही. माझे हात चालू होते, ते थांबले नाहीत. पण नाम कोणाच्या तोंडात नव्हतं. भिंतीकडचे दोघे डुलक्या घेत होते. मी तोंड उघडलं.

जे निघालं त्याला आवाज म्हणायचं की नाही ते देव जाणे. जुना रहाट ओढावा तसं काहीतरी. पण नाम होतं. पोरं माझ्याकडे बघत राहिली. मग उंच मुलीने टाळ उचलले आणि माझ्या तोंडातून नाम घेतलं, तिच्या मागून बाकीच्यांनी. पहारा संपेपर्यंत ती पुन्हा थांबली नाहीत.

खालची वाडी आली, फेरा झाला, आम्ही बाहेर पडलो. मानकरी मागून आले.

“नाम खंडला.”

“खंडूक नाय. माझ्या तोंडात होता.”

“तां नाम होता? माका वाटला कोण म्हशीक हाकता.”

पायरीवरची माणसं हसली. मी हसलो नाही. मानकरीही हसले नाहीत. माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “ह्या वर्षी मी सोडून दितंय. पण फुडल्या वर्षी पोरां थांबली तर पहारो खालच्या वाडयेक. तुझ्या दोस्तान जलमभर तो सांभाळल्यान. असो लंगडो माका बघवाचो नाय.”

मी पखवाज खांद्याला लावला आणि पोरांना पुढे घातलं.

परतताना धाकटी माझ्याबरोबर चालत होती. तिच्या हातात कणकेची वाटी.

“आजो, घंटा झाली मा? म्हणान थांबलाव.”

“होय गो,” मी म्हटलं. “घंटा झाली.”

घरी बायको दारातच होती.

“आज गायलात म्हणे.”

“कोणी सांगितल्यान?”

“सांगूक कोण कित्याक होयो? हयसर आयकाक इला.” मग ती दारातून बाजूला झाली. “तुमचो दोस्त आसतो तर पोट धरून हसलो आसतो.”

मी मागल्या दारी गेलो. बोटांवर कणीक सुकली होती, ती बराच वेळ धुतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या आधी शाळेत पोचलो. बाई आल्यावर त्यांच्याकडून घंटेचा लोखंडी दांडा मागून घेतला. बादली उपडी घातली, पोरांना फेऱ्यात उभं केलं आणि नाम सुरू करायला लावलं. पखवाज नेला नव्हता. ती रंगात आली तेव्हा मी मागे गेलो आणि घंटेवर दांडा हाणला. तिघं थांबली. मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं, आणि पुन्हा घंटा मारली.