माझ्या साडूंची बिनमांडवाची मॅरेथॉन

जगात आजवर जेवढ्या मॅरेथॉन शर्यती झाल्या असतील, त्यांतली सगळ्यात दरिद्री शर्यत माझ्या साडूंनी भरवली, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. एकदा नव्हे, सलग दहा-बारा वर्षं. आणि तीही भिवंडीत, जिथे माणूस धावतो तो एक तर रिक्षा पकडायला, नाही तर मागे कुत्रं लागलं म्हणून. हे माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका शाळेत भूगोल शिकवत. स्वतः ते आयुष्यात कधी धावले नाहीत. शाळेची घंटा झाली तरी त्यांची चाल बदलत नसे. पण कुठल्याशा मासिकात त्यांनी बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीबद्दल वाचलं आणि त्यांची खात्री पटली, की या गावाला रस्ते, गटारं आणि पाणी यांच्याआधी कशाची गरज असेल तर ती मॅरेथॉनची. हे सांगायला ते रविवारी सकाळी आमच्याकडे आले, तेव्हा मी दाढी करत होतो. "साडूभाऊ," ते म्हणाले, "तुम्ही कमिटीत आहात." कमिटीत आणखी कोण, असं मी विचारलं. तर अजून कोणी नव्हतं. शेवटपर्यंत नव्हतं.

शर्यत थंडीतच व्हायला हवी, हा त्यांचा पहिला हट्ट. भिवंडीची थंडी म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. जानेवारीत आठ-दहा दिवस पहाटे जरा गार वारा सुटतो, तेवढ्यावर अख्खं गाव माकडटोप्या घालतं आणि नऊ वाजता त्याच टोपीने घाम पुसतं. पण साडूंनी तिचा अभ्यास आरंभला. भिंतीवरचं थर्मामीटर काढून ते पहाटे गॅलरीत बनियनवर उभे राहत आणि आकडे वहीत टिपत. तीन हिवाळ्यांच्या आकड्यांतून त्यांनी वर्षातला सगळ्यात थंड रविवार शास्त्रीय पद्धतीने काढला. पहिल्या शर्यतीला नेमका त्याच रविवारी इतका उकाडा झाला की नाक्यावरच्या चहावाल्याने पंखा लावला. "सरासरी कधी खोटी बोलत नाही," साडू म्हणाले, "हा रविवारच चुकला."

मार्ग ठरला तो धामणकर नाका ते अंजूर आणि परत, असे तीन हेलपाटे. अंतर मोजायला त्यांनी सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधली. चिंधी वर आली की एक फेरा. सायकल ते चालवणार आणि मागून दुसऱ्या सायकलवर मी मोठ्याने आकडे म्हणणार, अशी कामाची वाटणी. दोन हजारांच्या पुढे गेलो असू, तेवढ्यात एका ट्रकवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "भाईसाब, नासिक रोड किधर से?" मी सभ्यपणे रस्ता सांगितला आणि आकडा विसरलो. साडू खाली उतरले. ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी फक्त सायकल उलटी फिरवली आणि आम्ही पुन्हा नाक्यावरून एकपासून सुरुवात केली. त्या दिवशी मला पोलिसाने जरी रस्ता विचारला असता, तरी मी मुका झालो असतो.

खर्च म्हणाल तर त्यांना खर्च या शब्दाचीच ॲलर्जी. धावणाऱ्यांचे नंबर मागावरच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांवर बोरूने लिहिलेले, आणि टाचण्या ज्याच्या त्याने आणायच्या. पाणी माठातलं, पेला घरचा. जो पेला विसरेल त्याने ओंजळीने प्यावं, असा नियमच होता. खाऊ म्हणून गुळाचा खडा. बक्षीस नाही, पदक नाही, हार-तुरे नाहीत, भाषण नाही. शर्यत सुरू करायला पिस्तूल कुठून आणणार? म्हणून जवळच्या सुताला खळ लावायच्या कारखान्याचा सहाचा भोंगा हाच इशारा. एका वर्षी कारखान्याला सुट्टी होती, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. सतरा माणसं एक पाय पुढे टाकून, कापडाचे नंबर छातीला लावून, वीस मिनिटं तशीच उभी. येणारे-जाणारे विचारायला लागले, रेशन कसलं मिळतंय म्हणून. शेवटी मीच तोंडाने भोंगा वाजवला. साडूंनी मात्र निकालात सगळ्यांच्या वेळेपुढे "भोंगा अनधिकृत" असा शेरा मारला.

हे निकाल म्हणजे आणखी एक प्रकरण. शर्यतीनंतर ते सगळ्यांची नावं स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहून शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर महिनाभर लावत. जे मध्येच थांबले त्यांच्या नावापुढे लाल शाईत "अपूर्ण". मी म्हटलं, "अहो, त्यांची नावं गाळा ना. फुकट अपमान कशाला?" तर म्हणाले, "भूगोलात समुद्र खोल आहे म्हणून नकाशातून गाळतात का?" अशा युक्तिवादापुढे शहाणा माणूस गप्प बसतो. मी तर कमिटीच होतो.

अंजूरचे एक शेतकरी होते. त्यांच्या भातशेतीवर नुकतीच गोदामं उभी राहिली होती आणि गळ्यात साखळी आली होती. माणूस दिलदार. ते आपण होऊन साडूंकडे आले. "मास्तर, मी टोप्या देतो, टीशर्टा देतो, मंडप घालतो. बॅन्डबी आनतो. पन ह्ये बेचालीस किलोमीटर कशाला? पाच ठेवा ना. पावने येनार, त्यांना धा वाजता दुसरीकडं जायाचं हाय."

"मग त्यांना साडेनऊला पाठवा," साडू म्हणाले.

"आवो, तवर कोन पयला येनार न्हाय!"

"नाही येणार. मॅरेथॉन आहे ती."

त्या भल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. टोप्या गेल्या, मंडप गेला, बॅन्ड गेला. शिवाय त्यांनी आम्हा दोघांसाठी आणलेली वालाची शेंग होती, ती मात्र साडूंनी ठेवून घेतली. तत्त्व आणि वाल यांची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

इथवर मी हसत सांगतो आहे. पण एका वर्षीचा प्रकार सांगताना मला अजूनही नीटसं हसू येत नाही. त्या वर्षी साडूंच्या मुलीला बघायला पेणहून मंडळी येणार होती, आणि त्यांनी नेमका शर्यतीचाच रविवार कळवला. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाली, शर्यत पुढे ढकला. साडूंनी वही काढली. गेल्या पाच वर्षांत शेवटचा माणूस किती वाजता आला याची सरासरी काढली आणि जाहीर केलं, "पावणेअकराला सगळं आटोपतं. पाहुणे अकराला. पंधरा मिनिटांत मी घरी." आधी सांगितलंच, की त्यांच्या मते सरासरी कधी खोटी बोलत नाही.

त्या दिवशी अकरा माणसं धावली. दहा जण साडेदहाच्या आत आले, गूळ खाऊन घरी गेले. उरला तो एकच, यंत्रमागाच्या कारखान्यात, म्हणजे तिथल्या भाषेत 'खात्यात', काम करणारा, उत्तरेकडून आलेला, पन्नाशीचा एक कामगार. त्याला सगळे चाचा म्हणत. आदल्या वर्षी तो दुसऱ्या हेलपाट्यात पोटरीत गोळा येऊन रस्त्याकडेला बसला होता आणि त्याच्या नावापुढे भिंतीवर लाल शाई लागली होती. त्या सकाळी नंबर लावून घेताना तो साडूंना म्हणाला होता, "मास्टरसाब, वो दीवार पे मेरे नाम के आगे क्या लिखे थे? खाते में सब लोग साल भर मेरे को अपूर्ण चाचा, अपूर्ण चाचा बोले. नये लडके समझते हैं मेरा नामच वो है. इस बार आप रुकना. मैं आऊँगा." साडूंनी नुसतं "रुकूंगा" म्हटलं आणि त्याची टाचणी सरळ केली.

सव्वाअकराला ताईने मला स्कूटरवरून पिटाळलं. नाक्यावर आमचे साडू एकटेच स्टुलावर बसलेले. बाजूला माठ, हातात घड्याळ आणि वही. चहूकडून रिक्षा, हातगाड्या, ट्रक. अंतिम रेषा म्हणून फक्की ओढली होती, ती केव्हाच चाकांनी पुसून गेली होती.

"मंडळी आलीत," मी म्हणालो. "ताई म्हणतेय, असाल तसे चला."

"किती जण आहेत?"

"पाच."

"इथे एकच राहिलाय. तो आला की निघू."

"अहो, मी थांबतो ना इथे! मी लिहितो वेळ."

"तुम्ही थांबाल, पण दहा मिनिटांत पान खायला जाल," ते म्हणाले. हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

मी तसाच स्कूटर घेऊन अंजूरच्या रस्त्याला लागलो. चाचा बराच लांब होता. धावणं कधीच संपलं होतं. एक पाय ओढत, कमरेवर हात ठेवून तो चालत होता. ऊन वर आलं होतं आणि ट्रकच्या धुळीने त्याचा नंबर वाचता येत नव्हता. मी गाडी आडवी घातली. "बैठो चाचा. नाके के पहले उतार दूँगा. किसी को मालूम नहीं पडेगा."

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "आप तो मास्टरसाब के साढू हैं ना?" तो म्हणाला. "फिर भी?"

मी गाडी बाजूला घेतली. दुसरं काय करणार?

घरी जाऊन मी काहीबाही सांगितलं. रस्ता बंद आहे, येतायत, निघालेत. पोहे दोनदा झाले, चहा तीनदा. तेवढ्यात शेजारच्या पोराने येऊन, मास्तर नाक्यावर चाचाची वाट बघत बसलेत, असं सांगून टाकलं, आणि मुलाचे वडील घड्याळाकडे बघायला लागले. बारा वाजून गेल्यावर ते उठले आणि ताईला म्हणाले, "वहिनी, तुमची मुलगी चांगली आहे. पण ज्या घरात मुलीच्या बापाला रस्त्यावरचा माणूस जास्त जवळचा, तिथे आम्ही काय बोलणी करायची?"  ताईने पाचही जणांच्या हातावर नारळ ठेवले.

मी पुन्हा नाक्यावर गेलो, तेव्हा चाचा नुकताच पोचला होता. साडूंनी त्याला आपल्या स्टुलावर बसवलं होतं आणि स्वतः खाली बसून त्याची पोटरी चोळत होते. वहीत त्याच्या नावापुढे वेळ लिहिलेली होती आणि त्यापुढे, आजवर कुणाच्याही नावापुढे न लिहिलेला शब्द, "पूर्ण". चाचा वहीवरच्या त्या अक्षरांवरून बोट फिरवत होता. त्याला ती वाचता येत नव्हती. "यही है ना?" त्याने मला विचारलं. मी हो म्हटलं. मग तो हसला आणि हसता हसता त्याला रडू आलं. साडू रुमाल शोधायला लागले, पण तो त्यांच्याकडे कधीच नसे. मीच माझा दिला. माझ्या पोटात राग होता आणि तो तिथे काढता येईना.

घरी आल्यावर साडूंनी थंड पोहे खाल्ले आणि एवढंच म्हणाले, "माणसं उतावळी होती. आधीच कळलं ते बरं झालं." ताई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. मला वाटायचं, ती शहाणी आहे, मी असतो तर वर्षभर बोललो नसतो. कारण त्या दुपारी मी निघालो तेव्हा त्यांची मुलगी जिन्यात उभी होती, अजून पाहुण्यांसाठी नेसलेल्या साडीतच. म्हणाली, "काका, बाबांना सांगू नका. पण मला तो आवडला होता. मी खिडकीतून पाहिलं. जिना चढताना त्याने स्वतःच्या आईच्या हातातली पिशवी घेतली, आणि दारात तिची चप्पल कोपऱ्यात नीट ठेवली." मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, म्हणजे ताईलाही कळलंच असणार.

पुढे मुलीचं लग्न झालं, जळगावला. जावई चांगला आहे, जरा अबोल आहे. शर्यत आणखी काही वर्षं चालली. अंजूरच्या रस्त्याला शेतं कमी आणि गोदामं जास्त झाली, कंटेनर रात्रंदिवस जायला लागले, आणि त्यांच्या कडेने धावायला कोणी धजेना. अकराचे सात झाले, सातांचे तीन. चाचा गावी निघून गेला. ताईच्या गुडघ्यांनी दगा दिला, साडू निवृत्त झाले. मग एका जानेवारीत आम्ही दोघं नेहमीप्रमाणे पहाटे नाक्यावर जाऊन उभे राहिलो आणि कोणीच आलं नाही. त्या वर्षी खरोखरच थंडी होती. शेकोटीपाशी दोन रिक्षावाले बसले होते, बाकी सगळं सामसूम. साडू स्वेटरच्या बाह्यांत हात घालून अंजूरच्या रस्त्याकडे बघत होते. म्हातारे दिसत होते. सात वाजले, उजाडलं, तरी ते काही निघू म्हणेनात, आणि मलाही म्हणवेना.

मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "साडूभाऊ, तो पेणचा मुलगा तिला आवडला होता का हो?"

इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय काढला नव्हता. मी म्हणालो, "छे हो. तिने धड बघितलं तरी कुठे होतं त्याला?"

त्यांनी मान डोलावली. रस्त्यावरून एक कंटेनर गेला, आणि तो लांब जाईपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही चांगले आहात." आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. आम्ही माठ उचलला, एका बाजूने त्यांनी, दुसऱ्या बाजूने मी, आणि घराकडे निघालो.