रिकाम्या दिवसाचा पाळणा

मनोहरराव भोयरांची एकतीस वर्षं एसटीत गेली. त्यातली शेवटची अठरा त्यांनी नागपूरच्या बसस्थानकावर, नियंत्रकाच्या काचेच्या खोलीत काढली. लग्नसराईत जादा गाड्या कधी सोडायच्या, शाळांना सुट्ट्या लागल्या की कोणता मार्ग तुंबतो, हे त्यांना कॅलेंडर न बघता सांगता येई. गर्दीत सापडणं हा त्यांच्या लेखी स्वभावाचा दोष होता. "आधी डोकं चालवलं तं माणूस गर्दीत सापडतच नाही," असं ते म्हणत.

स्थानकाच्या फाटकाबाहेर काळ्या-पिवळ्या जीप उभ्या असत. त्या काली-पिलीवाल्यांवर त्यांचा विशेष राग. सवाऱ्या भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि तोवर रस्त्यात उभं राहून ओरडायचं, ही त्यांची रीत. एसटी दोन प्रवासी असले तरी वेळेवर सुटते, हे मनोहरराव पाहुण्यांनाही ऐकवत.

निवृत्तीनंतर त्यांनी शहराच्या कडेला हुडकेश्वरला घर बांधलं. गच्चीवरून आधी शेतं दिसत, मग प्लॉटचे दगड दिसू लागले. एका वर्षी दोन किलोमीटरवर मनोरंजन पार्क आलं आणि त्यातला मोठा आकाशपाळणा घरांच्या वर उभा राहिला. त्यांची बायको वच्छला संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला वर जाई आणि कपडे खांद्यावर टाकून बराच वेळ तिकडे पाहत राही.

"तिथून आपलं घर दिसत असन का हो?" एकदा तिनं विचारलं.

"दिसलंच पाहिजे. इथून तो दिसते, तं तिथून हे दिसन."

"मले पाहाचं आहे."

वच्छला पारशिवनीकडची, आठ भावंडांतली थोरली. काही मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे मनोहररावांच्या ते लक्षात राहिलं. घाईचं कारणही होतं. काचबिंदूनं तिचा डावा डोळा तोवर गेला होता. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घातले तर उरलेली हळू जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मे महिन्यात मुलगा सुशील बायको-मुलांना घेऊन पुण्याहून आला. त्याला एकच रविवार मोकळा होता. मनोहररावांनी आदल्या दिवशी कागदावर वेळापत्रक उतरवलं: दहाला फाटक, अकरा चाळीसला पाळणा, साडेबाराला जेवण, दोनला लाटांचं पाणी. जेवणाचं टोकनही आधीच घेऊन ठेवलं.

पाळण्यासमोर तीनेकशे माणसं होती. सुशील मुलांना घेऊन दुसरीकडे गेला. मनोहरराव घड्याळ पाहत रेलिंगला टेकून राहिले. वच्छला मात्र मजेत होती. तिनं पिशवीतून चिवड्याचा डबा काढला, मागच्या बाईला दिला, बाईनं तिळाची चिक्की दिली. बाई जरीपटक्याची होती, तिच्या नणंदेचं माहेर पारशिवनीजवळच निघालं. दोघी इतक्या हसत होत्या, की पुढचे लोक वळून पाहत होते. रांग पाऊण तासात वीस माणसांवर आली. तेव्हा बारा पंचवीस झाले होते.

"चाल," मनोहरराव म्हणाले. "जेवणाची वेळ झाली."

"आता एवढीशी तं लाइन राहिली."

"टोकन साडेबाराचं आहे. पुढचं सगळं बिघडन. पाळणा काय पळून चालला? आपण रिकाम्या दिवशी येऊ, दोघंच. तुले पाहिजे तितक्यांदा बस."

"मावशी, थांबा नं," जरीपटक्याची बाई म्हणाली.

वच्छलानं डब्याचं झाकण लावलं आणि रेलिंगखालून वाकून बाहेर आली. जेवणाच्या टेबलावरून पाळणा दिसत होता. ती बाई वर पोचल्यावर खाली पाहून हात हलवत होती. वच्छलानंही हलवला.

मग मनोहरराव रिकामा दिवस शोधू लागले. पावसाळ्यात पार्क बंद. दिवाळीत सुट्ट्या. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली, त्या तर मधल्या वारीच येतात. एकदा सगळं जुळलं, तर वच्छलाच्या भावाकडे लग्न निघालं. दुसऱ्या वर्षी गुरुवार ठरला होता, पण कुठल्याशा कंपनीनं पार्क घेतल्याचं कळलं आणि मनोहररावांनी बेत रद्द केला. वच्छला म्हणाली, "जाऊन तं पाहू. लोक असले तं असले." ते म्हणाले, "पुन्हा लाइनीत उभं राहाचं आहे काय?" आपल्याला लाइनीतच बरं वाटलं होतं, हे तिनं सांगितलं नाही. सांगून त्यांना पटलं नसतं.

अशी पावणेदोन वर्षं गेली. उजव्या डोळ्याची नजर चहूबाजूंनी आवळत आली. बांबूच्या नळीतून पाहावं तसं दिसतं, असं ती सांगे. दुपारी ठीक, दिवेलागणीला मात्र जवळजवळ काही नाही.

मार्चमधला एक मंगळवार मनोहररावांना निर्दोष वाटला. परीक्षा सुरू, लग्नतिथी नाही, ऊन अजून सोसण्यासारखं. निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे गॅस पाहिला आणि मेन स्विच बंद केला. वच्छलानं नवी निळी साडी नेसली होती.

एक वाजता ते पोचले. फाटकावर कोणी नव्हतं. "पाहिलं?" मनोहरराव म्हणाले. "याले म्हणते प्लॅनिंग."

पाळण्यापाशी कृष्णकांत नावाचा पन्नाशीचा माणूस खुर्चीवर पेंगत होता.

"दोन," मनोहररावांनी तिकिटं पुढे केली.

"बसा काका सावलीत. बारा सवाऱ्या झाल्या की चालू करतो."

"बारा काहून? आम्ही दोघं आहो नं."

"आमनेसामने वजन पाहिजे. रिकामा पाळणा झोल खाते. मालकाचा हुकूम आहे."

वेळ झाली की गाडी सुटते, हे मनोहररावांनी इतकं गृहीत धरलं होतं, की पावणेदोन वर्षांत हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. त्यांनी हुज्जत घातली, व्यवस्थापकाकडे जाऊन आले, बाराही तिकिटांचे पैसे देऊ केले. कृष्णकांत शांतपणे म्हणाला, "पैशानं वजन येत नाही काका."

तीन वाजले, चार वाजले. एक जोडपं आलं, वाट पाहून कंटाळलं आणि गेलं. वच्छला बाकावर पाळण्याकडे तोंड करून बसली होती. साडेचारला मनोहरराव उठले आणि फाटकापाशी गेले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज तिला ऐकू आला.

"चला, पाळणा सुटून राहिला! दहाच सवाऱ्या पाहिजे! चला दादा, लेकरांचं तिकीट मी काढतो!"

चहाच्या टपरीवरचे दोन ड्रायव्हर, कॉलेजच्या तीन मुली, एक कुटुंब, अशी माणसं त्यांनी गोळा केली. अकरावर अडलं, तेव्हा टपरीवाल्यालाच ओढत आणलं. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काली-पिलीवाले झाले तुम्ही आज," वच्छला म्हणाली.

तोवर पावणेसात झाले होते. सूर्य गेला होता.

पाळणा वर जाऊन थांबला. मुली किंचाळल्या, ड्रायव्हर हसले. मनोहररावांनी वच्छलाचा खांदा धरून तिला हुडकेश्वरच्या बाजूला वळवलं.

"दिसते काही?"

"दिवे दिसून राहिले. पुसट." तिनं मान इकडून तिकडे फिरवली. "आपला कोणता?"

मनोहररावांनी पाण्याची टाकी ओळखली, तिच्यापासून गल्ली मोजली. देवळाचा दिवा, शेजाऱ्यांची ट्यूबलाइट, मग अंधाराचा एक चौकोन, मग पुन्हा दिवे.

"आपला बंद आहे," ते म्हणाले.

"मेन स्विच?"

"हो."

"असू द्या," ती म्हणाली. पाळणा खाली येऊ लागला.

त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत उजवा डोळाही गेला. आता कपडे काढायला मनोहरराव वर जातात. वच्छला जिन्याच्या तळाशी कठड्याला धरून उभी राहते.

"काहो, गर्दी आहे का आज?"

ते पार्ककडे नीट पाहतात, मग सांगतात. "आहे. खूप."

"मंग फिरत असन."

"फिरून राहिला."