उन्हाच्या गावात व्हिटॅमिन डी कमी!

डॉक्टरकीत एक गंमत आहे. पेशंट बरा होऊन घरी जातो, त्याचं वाक्य मात्र आपल्याकडेच राहतं. गोव्यात, पेडण्याच्या बाजारात माझा दवाखाना. इतक्या वर्षांत अशी वाक्यं एवढी साचलीत की चार मित्र बसले की आपोआप बाहेर पडतात. त्यातली बरीचशी व्हिटॅमिन डीची आणि सुटलेल्या पोटांची. ही जोडी बहुतेक वेळा हातात हात घालूनच येते!

*

मांद्र्याचे रमाकांत. दर्याला लागून गेस्टहाउस, दिवसभर काउंटरवर बसणं. आमच्या शैला सिस्टरची टेप त्यांच्या पोटाला जेमतेम पुरली. हाडं दुखतात म्हणून आले होते. रिपोर्टमध्ये डी अगदी तळाला.

ते भडकलेच. "डॉक्टर, लोक विमानान येतत हंय ऊन खावक, आनी म्हाकाच ता कमी?"

"मग त्यांच्यासारखं जरा वाळूत पडा की!"

"मी थंय आडवो पडलंय तर देवमासो लागलो म्हणान अख्खो गाव बघूक येतलो!"

*

लोक विचारतात, पोटाचा आणि डीचा संबंध काय? मला माहीत आहे तेवढं सांगतो. हे जीवनसत्त्व चरबीत मुरतं. पोटावर चरबी जास्त असली की ते तिथेच अडकून पडतं आणि रक्तात कमी दिसतं, असं म्हणतात. शिवाय जड झालेला माणूस उन्हात फिरतोही कमी. यात आधी काय आणि मागून काय, हे मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

एवढं सगळं मी एका मास्तरांना समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुमकांय म्हायत नाय!"

*

डिचोलीच्या गुरुदासांचे खनिजाचे ट्रक होते. खाणी बंद पडल्या आणि ट्रक अंगणात उभे राहिले. गुरुदास घरात, टीव्हीसमोर. पोट वाढलं, बोलणं कमी झालं. बायकोनेच ओढून आणलं.

"डॉक्टर, ट्रक उन्हात उभो, हे सावळेंत. दोगांकय गंज चडलो!"

मी हसलो. गुरुदास हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "ट्रक चालू झाला की मीही चालू होईन."

गोळी लिहिताना माझा हात थांबला. या दुखण्यावर ती कशी चालणार? म्हटलं, "ट्रकची वाट बघा, पण अंगणात उभं राहून बघा."

पावसाळा सरल्यावर त्यांनी ट्रकांच्या कडेने तांबड्या भाजीचे वाफे घातले. पोट फारसं उतरलं नाही, पण रिपोर्ट सुधारला. बायको पुन्हा तक्रार घेऊन हजर!

"आता जेवूक हाक मारली तरी घरांत येनात!"

*

वास्कोला बंदराच्या ऑफिसात नोकरीला असलेले एक गृहस्थ. डी कमी म्हणून पोट सुटतं, असं कुठेतरी वाचलेलं. आठवड्याला एक घ्यायची गोळी त्यांनी रोज घेतली. महिनोन् महिने! शेवटी उलट्या, सतत तहान, बोलण्यात भ्रम. रक्तातलं कॅल्शियम भलतंच चढलेलं. हॉस्पिटलात ठेवावं लागलं. किडनी वाचेल की नाही याची धास्ती होती. त्यांची मुलगी बाहेरच्या बाकावर माझा हात धरून रडली.

वाचले. गाल बसलेले, पँट दोरीने बांधलेली, अशा अवस्थेत दवाखान्यात आले आणि म्हणाले, "डॉक्टर, पोट मात्र उतरलं हां!"

त्या दिवसापासून गोळी कधी घ्यायची हे मी पेशंटकडून मोठ्याने म्हणवून घेतो.

*

एकदा शैला सिस्टरने टेप घेऊन मलाच उभं केलं. "सर, सकाळपासून तुमी ट्यूबलाइटीखाली. तुमची टेस्ट कोण करतलो?"

केली. आकडा विचारू नका!

*

आणि हरमलची सुनंदा. नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही. होडी सापडली, तो नाही. त्यानंतर तिने दर्याकडच्या खिडक्या बंद केल्या. मागच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायची, त्यांचं जेवणखाण आतल्या आतच रांधायची. वर्षं गेली. पोट सुटलं, मांड्या दुखायला लागल्या, जमिनीवरून उठता येईना. डी नावालाच होतं.

गोळ्या दिल्या. म्हटलं, "सुनंदा, रोज थोडा वेळ उन्हात बसायचं. चालायचं."

"आमच्याकडे माड दाट. ऊन फकत दर्यार," ती म्हणाली आणि गोळ्या उचलून निघाली.

काही महिन्यांनी आली ती आधार न घेता चालत. रिपोर्ट चांगला. टेपही थोडी सैल झाली होती.

"बसत होतीस ना उन्हात?"

"बसतंय मां."

"कुठे?"

"दर्यार." पदर सारखा करत ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "सुरवातीक पाठ करून बसलंय, डॉक्टर. आता तोंड करून बसतंय."