दादासाठी मागवलेल्या गोल्फच्या काठ्या

मी डावऱ्या माणसाच्या गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. आमच्या घरात डावरं कुणी नाही. मागच्या सात पिढ्यांतही नसावं. असतं तर आईनं सांगितलं असतं, कारण घराण्यातल्या खोडी सांगताना ती कुणालाच सोडत नाही.

काठ्या घेतल्या त्या दादासाठी. दादा माझा मोठा भाऊ, पुण्याला इंजिनियर. मी दिंद्रुडला, वडिलांच्या कापडदुकानात. देशाचे दरवाजे उघडले, बाहेरच्या कंपन्या आल्या, त्यांनी दादाला आधी मोबाईल दिला, मग गाडी दिली आणि बदल्यात आमचा दादा घेऊन टाकला! एके काळी दिवाळीला आठ-आठ दिवस राहणारा माणूस आता सकाळी यायचा, आईच्या पाया पडायचा, जेवायचा आणि ऊन उतरायच्या आत गाडीला किल्ली लावायचा. ज्याच्या पाठीवर बसून मी पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेला गेलो, त्याला मी 'ए दादा' म्हणायचो. गाडी आल्यापासून माझ्या तोंडून आपोआप 'तुमी' निघायला लागलं. (गाडीचा रंगच तसा होता.)

तो गेला की अंगणात चाकांच्या दोन रेघा उरायच्या. दुसऱ्या दिवशी बायको सडा टाकायला निघाली की मी म्हणायचो, तेवढी जागा राहू दे.

"कावून? पूजा करायचीय का?" ती विचारायची आणि रेघांवरच पहिली बादली रिकामी करायची.

एकदा मी फोनवर दादाला रविवारी या म्हणालो. तो म्हणाला, "रविवारी न्हाई जमत रे, साहेबासंगं गोल्फला जावं लागतंय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (असा उजेड पडला की आमच्या घरात काहीतरी मोडतं, हा आजवरचा अनुभव.) माणूस खेळापायी थांबतो! लहानपणी विटीदांडूचा डाव रंगला की आई हाका मारून दमायची, पण दादा हलायचा नाही. गोल्फ दिंद्रुडला आणला तर दादा रात्रभर तरी नक्की राहील. एक रात्र. गच्चीवर शेजारी शेजारी गोधड्या टाकून. मला जास्त काही नको होतं.

दुकानाच्या कामानं अंबाजोगाईला गेलो, तेव्हा कॉलेजजवळच्या इंटरनेट कॅफेत शिरलो. कपाळावर भस्माचे तीन पट्टे घेऊन मी आत येताच दोघं-तिघं पोरं पडद्याआडून उठून निघूनच गेली. त्यामुळे जागा लगेच मिळाली! कॅफेवाल्यानं काय शोधायचं विचारलं. मी म्हणालो, गोल्फच्या काठ्या, जुन्या, स्वस्तातल्या. त्यानं माझ्या भस्माकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

नव्या काठ्यांच्या किमतीत बैलजोडी आली असती, म्हणून जुन्यांच्या लिलावाकडे वळलो. जुन्यांतही एक संच बाकीच्यांच्या निम्म्या किमतीत होता. आता मी कापडवाला. स्वस्त ठाण दिसलं की आधी उजेडात धरतो, कुठं विटलंय, कुठं तुटलंय ते बघतो. गिऱ्हाईकालाही तेच शिकवतो. पण त्या दिवशी मी फोटो बघितला, किंमत बघितली, खालच्या इंग्रजी ओळी बघायची गरज वाटली नाही आणि बोली लावून मोकळा झालो. दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही, याचाही मला आनंद झाला!

पुण्याहून ट्रान्सपोर्टनं माजलगावला आलेली ती लांबलचक पिशवी मी जीपच्या टपावर टाकून गावात आणली. जीपमध्ये कुणी बोअरचं सामान म्हणालं, कुणी ऊस तोडायची नवी हत्यारं. मी गोल्फ म्हणून सांगितलं, तेव्हा शेजारचा माणूस सहानुभूतीनं म्हणाला, "आसू द्या. औषधानं बरं होतंय आजकाल."

दादा खंडेनवमीला यायचा होता. मी घरामागच्या बाजरी काढलेल्या रानात भोक खणून ठेवलं. किती मोठं खणायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून आंब्याचं रोप लावतात तेवढं खणलं. लाल ब्लाऊजपीस तुरीच्या वाळक्या काडीला बांधून झेंडाही रोवला.

नवमीला दादा आला. पाया पडला, जेवला. मी त्याला मोठ्या थाटात माजघरात नेलं आणि बघतो तर काय, दुकानाची कात्री, कापड मोजायचा गज, विळी यांच्या रांगेत माझ्या सगळ्या काठ्या मांडलेल्या! प्रत्येकीच्या डोक्याला हळदकुंकू, गळ्यात झेंडू, पुढे लिंबू. आईनं लोखंड दिसलं ते पूजेला घेतलं होतं. मी एक काठी उचलायला वाकलो.

"आज हात लावायचा न्हाई," आई म्हणाली. "पुजलेलं हत्यार उद्या उचलायचं."

संपलं. उद्या दादा पुण्यात असणार. पण दादाच्या चेहऱ्यावर मला चक्क सुटकेचा भाव दिसला. "आईचं बरोबर हाय," तो घाईघाईनं म्हणाला आणि घड्याळाकडे बघून माझ्याकडे बघत उभा राहिला.

मी काय म्हणावं? दर खेपेला म्हणतो तेच, आईनं तोंड उघडायच्या आत म्हणालो, "उशीर होईल. निघा तुमी."

त्याला थांबवायला मी पुण्याहून लोखंड मागवलं होतं आणि तोच मी त्याच्या बुटांची तोंडं दाराकडे करत होतो! मोठ्या माणसाची खोटी करू नये, हे माझ्या अंगात फार मुरलेलं.

या वेळी मात्र आई गप्प बसली नाही. "राहा आज. उद्या सोनं लुटून जा."

"बरं," दादा म्हणाला आणि त्यानं खुंटीवरचा माझा पायजमा काढून घेतला.

दसऱ्याला सकाळी आम्ही रानात गेलो. दादानं भोकात डोकावून विचारलं, "म्हैस पुरायची हाय का हितं?" संचात चेंडू नव्हता, म्हणून मी पूजेतलं लिंबू ठेवलं. दादा पाय फाकवून उभा राहिला, कंबर हलवली, काठी फिरवली. ढेकूळ उडालं. पुन्हा फिरवली. काठीच उडाली. तिसऱ्यांदा लिंबू त्याच्याच नडगीवर बसलं. मग त्यानं काठी उलटसुलट करून बघितली, दुसरी बघितली, सगळी पिशवी बघितली.

"ह्या डावऱ्याच्या हायत बे."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. (खड्डा तयारच होता!)

दादा बांधावर बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले. "उजव्याच्या आसत्या तरी मला कुठं येतंय? साहेब खेळतो, मी मागं मागं उन्हात फिरतो. टाळी कवा वाजवायची तेवढं शिकलो."

दोघं इतके हसलो की मला ठसका लागला आणि दादानं माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. तशाच, पूर्वी मारायचा तशा.

"मग काल थांबलास कावून?" मी विचारलं.

"आई राहा म्हणाली."

"एवढंच?"

"तू दर खेपेला निघा, निघा करतोस. मला वाटायचं, मी आलो की ह्याच्या दुकानाची खोटी होतीया." तो हातातल्या लिंबाकडे बघत होता. "मग निघतो."

एवढ्यात आई चहा घेऊन बांधावर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. कप दादाच्या हातात दिला, रानात पडलेल्या काठ्यांवरून नजर फिरवली आणि मग माझ्याकडे वळली.

"काठ्या पुण्याहून मागवल्यास," ती म्हणाली. "तोंड तर घरचंच होतं की."